घरच्या वाट्याला काटा नाही : जळकोटकडच्या तलावावर

"मासे मोजायला जातीस? कुणाला सांगू मी हे?" डबा भरता भरता आईने विचारलं. निलंग्यात आमचं किराणा दुकान. घरात लिंगपूजा, स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि नोकरी तलावांवरच्या मासळीची नोंद करायची! बाबा तेवढे म्हणाले, "जाऊ दे तिला. मापच घ्यायचं हाय ना? आपण दुसरं काय करतो?"

निलंगा ते उदगीर आणि पुढे जळकोट, सगळा प्रवास एसटीने. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मैत्रिणींनो, खर्चाची काळजी नको. उदगीरच्या स्टँडबाहेर चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरचीची भजी खाऊनच पुढे निघा. जळकोटहून काळीपिवळी मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. शेवटचा मुरुमाचा चढ संपला की समोर एकदम पाणी.

मुक्काम इंद्रामावशींकडे होता. त्यांचे यजमान मारुतीमामा होडीवर जातात, मावशी काठावर मासळी निवडतात. तलावाला येऊन मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी पावसाळ्यातही जाळी लावू द्यायची का, हे लातूरच्या बैठकीत ठरणार होतं. सरकारी नोंदीत इथे फक्त सोडलेल्या बीजाचे मासे होते : कटला, रोहू, मृगळ. गावरान मासाच नाही, मग त्याची अंडी घालायची जागा राखायची कशाला?

सकाळी होड्या लागल्या आणि उत्तर डोळ्यांसमोर आलं. वजनकाट्याजवळ जाण्याआधीच मावशींनी मरळ, वाम, शिंगटा, मूठभर झिंगे वेगळे काढून टोपल्यात टाकले. तो घरचा वाटा. उरलेलं वजन होऊन नांदेडच्या टेम्पोत गेलं.

"मावशी, हे टोपलंही घ्या की काट्यावर."

त्यांचा हात थांबला. "घरच्या वाट्याला काटा लावत न्हाईत, पोरी. लावला की तळं आटतंय."

"आन् तू लिहून नेलंस," मारुतीमामा म्हणाले, "की उद्या तळ्याचा ठेकेदार म्हणंल, लई खाऊन राहिलेत, वाटा बंद."

म्हणजे गावरान मासा तलावात होता, चुलीवर होता, फक्त नोंदीत नव्हता. कुणाची रीत मोडायला मी आले नव्हते. पण नोंद झाली नाही तर ओढ्याचं तोंड जाणार होतं. मला बाबांचं दुकान आठवलं. घरात लागणारी डाळ आई मुठीने घेते, गिऱ्हाइकाची मात्र काट्यावर जाते.

"मावशी, एक टोपलं मी विकत घेतलं तर?"

मावशी हसल्या. "इकत घेतलंस की तुझा माल. काटा लाव, न्हाईतर कुलूप लाव!"

मी टोपलं घेतलं, निवडून प्रत्येक मासा वेगळा तोलला. त्यानंतर रोज वाट्याची टोपली नुसती मोजायची. एका टोपल्याच्या वजनावरून बाकीच्यांचा अंदाजच, पण कोऱ्या रकान्यापेक्षा कितीतरी खरा.

"खाणार कोण गं हे? तू तर नाक धरून राहिलीस!" मावशींनी टोमणा मारलाच. संध्याकाळी माझं टोपलं अख्ख्या आळीने खाल्लं. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

मावशींची अट एकच होती : "नेण्याआधी आम्हाला वाचून दाखव." निघण्याआधी कडुलिंबाखाली सगळ्यांसमोर नोंद वाचली. कुणाच्या घरी किती, हे त्यात नव्हतंच. अख्ख्या तलावाचा वाटा, एवढंच. मारुतीमामा म्हणाले, "हाव. हे ने."

लातूरच्या बैठकीला मावशी सोबत आल्या, रिकामं टोपलं घेऊन. माझे आकडे वाचून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "गावरान मासा खरंच आहे तिथे?"

मावशींनी टोपलं टेबलावर ठेवलं. "रोज यात घेऊन शिजवतो साहेब. वास घेऊन बघा."

सभागृह हसलं, साहेबही हसले. ठरलं ते असं : पावसाळ्यात ओढ्याचं तोंड जाळ्यांपासून मोकळं राहील, आणि घरच्या वाट्याला कुणी हात लावणार नाही. माझा पहिलाच अहवाल, आणि त्यावरून एक नियम झाला. मावशींनी माझा दंड इतका घट्ट दाबला की अजून जाणवतो.

घरी आईने बॅग बाहेरच ठेवायला लावली. जेवताना मी सगळं सांगितलं, तेव्हा मात्र तिने हळूच विचारलं, "त्या मरळीला अंडी घालू देणार ना आता?"

"देणार."

दुसऱ्या दिवशी ओट्यावरून आईचा आवाज आला. शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमची पोरगी? मासे मोजती. सरकारला मोजून दाखवून आली."