गुहेतली पोरगी आणि बारावा भाग : लातूर, कंधार, नांदेड, शिरूर अनंतपाळ

ही सहल मी आईला हरवण्यासाठी काढली, हे आधीच कबूल करते. आईचं म्हणणं एवढंच होतं की गुडघे पुरते बसायच्या आत एकदा कंधार बघून यायचं. माझा हेतू इतका सरळ नव्हता. माझ्या बॅगेत टॅब होता, टॅबमध्ये एक जुनी कृष्णधवल इंग्रजी साहसमालिका होती, आणि तिचा शेवटचा भाग दाखवून मला लहानपणापासूनचं एक भांडण जिंकायचं होतं.

ते भांडण असं. साठेक वर्षांपूर्वी कंधारला बाजाराच्या दिवशी सिनेमाचा तंबू लागायचा. मुख्य पिक्चरच्या आधी या मालिकेचा एकेक भाग दाखवत. पंधरा-वीस मिनिटं मारामारी, घोडे, बुरखेवाला खलनायक, आणि शेवटी हिरो नेमका कड्यावरून खाली पडताना अंधार. पुढचं पुढच्या बाजारी. इंग्रजी कुणाच्या बापाला कळत नव्हतं, म्हणून पडद्याच्या बाजूला भोंगा घेऊन एक मास्तर उभे राहायचे आणि गोष्ट आपल्या बोलीत सांगायचे. आई तेव्हा अकरा वर्षांची. अकराव्या भागाच्या शेवटी हिरोची मोटार घाटातून खाली गेली आणि पोरगी गुहेत खांबाला बांधलेली, पाणी गळ्यापर्यंत आलेलं. आईच्या सांगण्याप्रमाणे बाराव्या भागात त्या पोरीनं दातांनी दोर तोडला आणि एकटी चालत बाहेर आली.

त्या पोरीनं आमच्या घरावर राज्य केलं. मॅट्रिकनंतर आईचं लग्न ठरत होतं, तेव्हा ती एकटी एसटीत बसून नांदेडला नर्सिंगच्या मुलाखतीला गेली, ती या पोरीच्या जोरावर. इथपर्यंत ठीक. पण मी हॉस्टेलवरून रडत फोन केला की उत्तर ठरलेलं, "त्या पोरीला सोडवायला कोण आलं होतं?" बाळंतपणात तेच, नोकरीत तेच. आता बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली, आई लातूरला एकटी राहते, दोन्ही गुडघे बदला म्हणून डॉक्टर तीन वर्षं सांगतायत. ती ऐकत नाही, कारण ऑपरेशन झालं की महिनाभर कुणीतरी जवळ राहावं लागेल. कुणाचा आधार घेणं तिच्या तत्त्वात बसत नाही.

मागच्या महिन्यात गुहा, बुरखा, बारा भाग असं काहीबाही शोधता शोधता मला ती मालिका इंटरनेटवर सापडली. रात्रीचं जेवण करपवून मी बारावा भाग पाहिला. हिरो मोटार पडायच्या आतच बाहेर उडी मारून मोकळा झाला होता (हे लोक दर भागात अशीच फसवणूक करतात), तो मशाल घेऊन गुहेत आला आणि सुरीनं दोर कापला. चाळीस सेकंदांत काम खल्लास. पोरगी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले.

पहिला दिवस सोलापूर ते लातूर. तुळजापूर, औशावरून रस्ता झकास आहे, गाडीनं अडीच तास पुरतात. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. दोन्हीकडे तुरी कापणीला आलेल्या, मध्येच करडईचे हिरवे पट्टे. आईनं अंबाडीची भाजी आणि भाकरी करून ठेवली होती. "तू दमून येणार म्हणून केलं," म्हणाली. तिनं दुसऱ्याला आधार दिलेला चालतो, हे मी मनातल्या मनात नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असा सरळ महामार्ग आहे, लोह्यावरून कंधारकडे वळायचं. अहमदपूरला सुशीला खाल्ली. चुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचा कूट, तीस रुपयांत पोट भरतं. ज्यांना फक्त पोहे माहीत आहेत त्यांनी मुद्दाम खावी. कंधारचा किल्ला भुईकोट आहे, त्यामुळे चढ फारसा नाही. खंदकात पाणी होतं आणि आत चिटपाखरूही नव्हतं. पण उंच उंबरे आणि दगडी पायऱ्या आहेतच. दुसऱ्या दरवाज्यापाशी मी आईचा दंड धरला.

"हात सोड," ती म्हणाली. "मी काय पांगळी हाय का?"

ती भिंतीला धरून तिरकी तिरकी चढली. वर पोचल्यावर दगडावर बसली आणि दहा मिनिटं गुडघे चोळत राहिली. तोंडावरनं दिसत होतं किती दुखतंय ते. मला राग आला आणि गलबलूनही आलं.

तंबू लागायचा ती जागा शोधायला आम्ही गावात गेलो. तिथं आता मोबाइलची दुकानं आणि एक झेरॉक्स सेंटर आहे. शेजारी एक म्हातारे शिंपी मशीनवर बसले होते. आईनं त्यांना तंबूचं विचारलं.

"तंबू गेला, तंबूवाला बी गेला," ते म्हणाले. "पर सांगणारे मास्तर हायेत की. बसवणप्पा. शिरूरला लेकीकडं ऱ्हातेत."

"जिते हायेत?" आईनं विचारलं.

"हाव. मागल्या साली लग्नात भेटले. दात न्हाईत, आवाज तसाच हाय."

आईचे डोळे असे चमकले की मी टॅब बॅगेत आणखी खाली सरकवला. तोवर माझा बेत होता की रात्री लॉजवर निवांत दाखवू. आता मधे एक जिवंत माणूस आला होता.

मुक्काम नांदेडला केला, पन्नासेक किलोमीटर. स्टेशनजवळ दोघींची खोली दीड हजारात मिळाली, स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी साडेसहापर्यंतच. संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. डाळ, रोटी, खीर, आणि वाढणाऱ्यांची ती लगबग. नांदेडला जाऊन हे चुकवू नका. वयस्कर माणसांना टेकून बसायची सोय करून देतात, एका बाईंनी आईला विचारलंही. आई अर्थातच पंगतीत खाली बसली. मग उठता येईना. त्या बाईंनी हात पुढे केला तर "होतंय, होतंय" म्हणत तिनं खांबाला धरलं आणि दोनदा मागे बसली. तिसऱ्यांदा उठली. बाईंचा हात तसाच पुढे राहिला होता. तो हात बघून मलाच लाज वाटली.

तिसऱ्या दिवसाची सूचना लिहून ठेवा : या भागात शिरूर दोन आहेत. शिंप्यांनी शिरूर म्हटलं, आम्ही अहमदपूरजवळच्या शिरूर ताजबंदला जाऊन तासभर बसवणप्पांची चौकशी केली. शेवटी चहावाला म्हणाला, "तुमचं शिरूर अनंतपाळ असंल. हितून उदगीरला जा, पुढं कुणालाबी इचारा." उदगीरला निलंगा राईस, म्हणजे इकडचा पिवळा मसालेदार भात खाल्ला, सोबत कांदा आणि तिखटजाळ चटणी. तिथून पुढचा रस्ता मधे मधे उखडलेला आहे, घाई करू नका. शिरूर अनंतपाळला पोचायला तीन वाजले.

बसवणप्पा लेकीच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. कपाळावर भस्म, पांढरंशुभ्र धोतर, वय चौऱ्याऐंशी. आईनं कंधारचं नाव घेतलं आणि वाकून नमस्कार करायला गेली, अर्ध्यातच थांबली. "ऱ्हाऊ द्या ताई, गुडघं माझं बी तसलंच हायेत," ते म्हणाले. मग आईनं त्यांनाच त्यांचा बारावा भाग सांगितला. दात, दोर, गुहेचं तोंड, बाहेरचं ऊन. ते खाली बघत ऐकत होते. लेकीनं आईला हातपाय धुवायला आत नेलं, तेव्हा मी म्हटलं, "अप्पा, ती मालिका माझ्याकडे आहे. पूर्ण."

"बारावा बी?"

"हो."

त्यांनी दुकानाच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाराव्या भागाचा रिळाचा डबा कंधारला आलाच न्हाई, बाळ. वाटंतच कुठं तरी ऱ्हायला. तंबू खचाखच भरलेला, कनातीच्या पल्याड बायका, न दाखवावं तर तंबू फाडतील. मालक म्हणला, काय बी कर. मग मी चौथ्या भागाची रीळ लावली. त्यात ती पोरगी एका गुहेतून पळत भाईर येती. त्याच्यावर बोलत गेलो."

"कुणी ओळखलं नाही?"

"ओळखलं की. एक जण ओरडला, हे बघितलंय म्हणून. म्हणलं, येड्या, तवा ती वाट हेरायला आलती, आता सुटून पळून ऱ्हायली." ते किंचित हसले. "पर चौथ्यात हिरो गुहेपाशी न्हवताच. मग तिला सोडवणार कोण? तिलाच सुटावं लागलं. दात मी घातले."

म्हणजे माझ्या हॉस्टेलमधल्या रडण्यावरचं उत्तर एका हरवलेल्या डब्यामुळे तयार झालं होतं. तीन दिवसांपूर्वी हे कळलं असतं तर मी गावभर पेढे वाटले असते. पण समोर एक म्हातारा माणूस धोतराचा सोगा बोटांत गुंडाळत बसला होता. "तुमच्या आईला न्हाई दाखवलं तर चालंल का?" त्यांनी विचारलं. मी चालेल म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

आई बाहेर आली ती थेट बॅगेपाशी. "टॅबमधी काय हाय ते दाखव आता. तीन दिवस झाले, कोंबडी अंड्यावर बसल्यासारखी बसलीस त्याच्यावर."

मी म्हटलं, चार्जिंग संपलंय.

"सकाळी माझ्यासमोर लावलंतंस."

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. "लावा," ते म्हणाले. "आता तंबू कोण फाडतंय."

मी टॅब साखरेच्या पोत्याला टेकवून ठेवला आणि आवाज बंद केला. पहिलं चित्र आलं तसे अप्पा सवयीनं सुरूच झाले. "आता बघा मंडळी, पानी चढून ऱ्हायलं, पोरीचा जीव टांगणीला लागला..." आवाज खरंच खणखणीत होता. दुकानातलं गिऱ्हाईक सुट्टे पैसे हातात धरून उभं राहिलं. मग गुहेच्या तोंडाशी मशाल दिसली. हिरो आला. अप्पा गप्प झाले. सुरी, दोर, खांद्यावर डोकं. आई बघत राहिली.

"ताई," अप्पांनी हात जोडले, "माझा गुन्हा हाय. डबा आला नव्हता. मी मनानं सांगितलं. तुमी बघितला तो चौथा भाग व्हता."

आईच्या चेहऱ्यावरचं काही मला वाचता येईना, आणि हे सगळं मीच घडवून आणलं होतं. शेवटी तिनं अप्पांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"मास्तर, डबा आला न्हाई तेच बरं झालं," ती म्हणाली. "आला असता तर मी मॅट्रिकनंतर कुणाची तरी वाट बघत बसले असते."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीनं चहा आणला, गूळ घातलेला. चहा पिता पिता आई मला म्हणाली, "परत लाव." तिनं तो तुकडा तीनदा पाहिला, नाकापाशी टॅब धरून, पेशंटचा एक्स-रे बघतात तसा. काय दिसलं विचारलं तर म्हणाली, "पोरगी चांगली झटून ऱ्हायली हाय. पर दोर लई जाड हाय." एवढंच. परतीच्या वाटेवर लातूरपर्यंत ती झोपली, किंवा तसं दाखवलं.

चौथ्या दिवशी मी सोलापूरला परतले. पूर्ण सहलीचा खर्च दोघींचा मिळून साडेसात हजारांच्या आत बसला, त्यात निम्मं पेट्रोल. कुणी जाणार असाल तर कंधारला अर्धा दिवस तरी ठेवा. भांडण जिंकल्याचा आनंद मात्र मला शोधूनही सापडला नाही. आईची गोष्ट खोटी ठरवायला गेले आणि मॅट्रिक झालेल्या एका पोरीनं, म्हणजे आईनं, कुणाच्याही मदतीशिवाय घर सोडलं तेव्हा तिला किती भीती वाटली असेल, हे मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं, एवढं कळून परत आले.

आठ दिवसांनी सकाळी आईचा फोन आला. आधी हवा, मग तुरीचा भाव, मग शेजारणीचं मांजर. मग एकदम म्हणाली, "डॉक्टरांकडून तारीख घेतली हाय. पुढच्या महिन्यात. तुला महिनाभर रजा मिळंल का?"

मिळेल म्हटलं, नाही मिळाली तरी येते म्हटलं.

"ये," आई म्हणाली. "पर त्या हिरोवानी पानी गळ्याला लागल्यावर येऊ नको. आदल्या दिवशी ये."