वकीलसाहेबांचे बस्कर आणि गावचे सभाभवन

शहराचा आत्मा त्याच्या सभागृहात वास करतो. हे वाक्य माझे नाही. आमच्या नगराध्यक्षांनी ते एका जाहीर सभेत उच्चारले, तेव्हा गावात सभागृह नव्हते आणि सभा सरकीच्या गोदामात भरली होती. टाळ्या झाल्या. मागे दाराशी जमिनीवर बसलेले एक गृहस्थ तेवढे मोठ्याने म्हणाले, "मंग आतापावेतो आपण कायच्यावर जगून राह्यलो, भाऊ?"

ते वकीलसाहेब. त्यांच्या काखेत कायम एक बस्कर असे. निळ्या पट्ट्यांचे, कडेला उसवलेले. कोर्टात ते खुर्चीवर बसत, घरी बाजेवर, पण सभा म्हटली की बस्कर. नगरपालिकेचे सभासद म्हणून त्यांना खुर्ची होती, ती रिकामी ठेवून ते भिंतीला टेकून बसत. "वर बसलं का माणसाले फक्त आपलाच आवाज आयकू येते," असे त्यांचे म्हणणे. मला आधी हा साधेपणाचा देखावा वाटला. असा देखावा करणारे त्या काळी पुष्कळ होते, आणि त्यांच्या साधेपणासाठी गाद्या-लोड वेगळ्या गाडीने येत. वकीलसाहेबांचे बस्कर मात्र त्यांच्याखेरीज कोणी उचलत नसे.

गाव अमरावती आणि अकोल्याच्या मध्ये कुठेतरी. नाव लिहीत नाही. तिथे माझे नातलग अजून राहतात. पन्नासच्या दशकात गावात कॉलेज निघाले, मी तिथे शिकवायला लागलो, आणि एका रात्रीत आम्ही विद्यानगरी झालो. अंजनगावाकडची, बाळापुराकडची शेतकऱ्यांची मुले कॉलेजमागच्या खोल्यांत राहू लागली. होळी झाली की त्या बाजूच्या विहिरी आटत. उरे ती एक वकीलसाहेबांची. तिच्यावर कोणीही यावे, हवे तेवढे पाणी न्यावे. नियम एकच, पहिली बादली वाटसरूंसाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या रांजणात. दोराला हात लावणाऱ्याची जात विचारली जात नसे. शेजाऱ्यांनी विहीर बाटल्याची तक्रार केली, तेव्हा ते म्हणाले, "माह्या विहिरीची काई तक्रार नाई. तिले बोलता आलं असतं तं तुमचीच केली असती."

पण एका विहिरीवर विद्यानगरी किती दिवस चालणार? खोल्यांच्या बाजूला पाण्याची टाकी व्हावी म्हणून वकीलसाहेब वर्षानुवर्षे भांडले, आणि अखेर नगरपालिकेने टाकीसाठी पैसा बाजूला काढला. नेमका त्याच पैशावर शहराच्या आत्म्याचा, म्हणजे व्हायच्या सभाभवनाचा, डोळा गेला.

सभाभवनाच्या बाजूने बोलणारे कमी नव्हते. अखिल भारतीय परिषदा भरतील, विद्वान उतरतील, टांगेवाल्यांपासून खानावळवाल्यांपर्यंत सगळ्यांचे भले होईल. आमच्या प्राचार्यांनी 'सांस्कृतिक अधिष्ठान' हा शब्द तीनदा वापरला. त्यांना विचारावेसे मला वाटले की या अधिष्ठानावर आंघोळ करता येते का. पण माझी नोकरी कायम व्हायची होती.

वकीलसाहेबांनी भिंतीपासूनच विचारले, "विद्वान येतीन वर्षातून दोन दिस. पोट्टे राहतेत दहा मयने. त्याइले काय भाषण पाजता?"

अध्यक्षांनी हुकमाचे पान काढले. अकोल्याकडचे दुसरे एक कॉलेजगावही सभाभवन बांधत आहे, अशी पक्की खबर होती. ते ऐकून सभेचा चेहराच बदलला. तहान सोसणारी माणसे शेजारच्या गावाचे सभाभवन सोसायला तयार नव्हती.

"आधी पाहून तं या," वकीलसाहेब म्हणाले. म्हणून त्यांच्यासह शिष्टमंडळ निघाले, आणि कॉलेजतर्फे मीही. तिथे आमचे हारतुरे झाले, पुरणपोळी झाली, सुपारी कातरली गेली. मग तिथल्या अध्यक्षांनी घसा साफ करून विचारले, "आता तुमच्या सभाभवनाचा नकाशा दाखवा ना! तुमचं आयकूनच तं आमी बांधून राह्यलो."

आमच्याकडे नकाशा नव्हता. त्यांच्याकडे वीटसुद्धा नव्हती.

वकीलसाहेब बस्करावर बसल्या बसल्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "वा रे वा! मंग सोपं झालं. तुमी नका बांधू, आमी नाई बांधत. दोघंही टाकी बांधू, अन् एकमेकाइच्या गावात पाणी प्याले जाऊ."

कोणी हसले नाही. दोन्ही अध्यक्षांनी एकमेकांकडे पाहिले, आणि दोघांच्याही मनात एकच विचार आलेला मला स्पष्ट दिसला: हा आता घरी जाऊन नक्की बांधणार. परतीच्या मोटारीत आमचे अध्यक्ष म्हणाले, "आता तं बांधाच लागते, वकीलसाहेब. आपल्याकडं नकाशाबी नाई, हे त्याइले समजलं ना!"

ठराव झाला. विरोधी मत एक, तेही जमिनीवरून. टाकीचा पैसा खांबांत गेला, कमानीत गेला, आणि व्यासपीठाकडे जाणाऱ्या संगमरवरी पायऱ्यांत गेला. त्या उन्हाळ्यात वकीलसाहेबांच्या विहिरीचेही पाणी तळाला लागले. खोल्यांतली मुले नाल्याकाठच्या खड्ड्यातले पाणी आणू लागली. माझ्या वर्गातल्या अंजनगावच्या एका मुलाला विषमज्वर झाला. वकीलसाहेबांनी त्याला स्वतःच्या घरी आणून बाजेवर निजवले आणि रात्रंदिवस वारा घातला. तो वाचला, पण त्याच्या बापाने येऊन त्याला नेले ते कायमचे. कॉलेज सोडून तो शेतीला लागला.

उद्घाटनाला मंत्री आले. व्यासपीठावरच्यांना बर्फातले सरबत मिळाले, खाली बसलेल्यांना विचार. वकीलसाहेब दाराशी बसले होते. मी शेजारी जाऊन म्हणालो, "कसं वाटतं, साहेब?" ते कमानीकडे पाहत म्हणाले, "त्या पोट्ट्याचा बाप त्याले परत नेतानी त्याले तोंड कसं दाखवावं, ते समजलं नव्हतं मले. ह्याइले नाई अडचण आली." एवढे कडू ते कधी बोलले नव्हते. त्यानंतर ते सभांना येत राहिले, बस्करही आणत राहिले. पण प्रश्न विचारीनासे झाले.

सभाभवनात अखिल भारतीय परिषद कधी भरली नाही. अकोल्याकडच्यांनीही बांधले होतेच, तिथेही नाही. दोन्हीकडे लग्ने लागली आणि पावसाळ्यात कापसाचे बोरे राहिले.

काही वर्षांनी, साठच्या दशकात, ऐन वैशाखात वकीलसाहेब गेले. शोकसभा अर्थातच सभाभवनात. ज्यांनी त्यांच्याविरुद्ध हात वर केले होते, ते सगळे वर खुर्च्यांवर बसले. प्राचार्य म्हणाले, दिवंगत आत्मा म्हणजे या वास्तूचा मूक आधारस्तंभ होता. मला तिथे बसवेना; उठलो आणि दाराशी जमिनीवर जाऊन बसलो. शेवटी अध्यक्ष उठले. दोन वाक्ये बोलून त्यांचा आवाज बसला. सभा गहिवरली. पण ते हाताने खूण करून पाणी मागत होते.

सभाभवनातले नळ फिरवून पाहिले. चिनी मातीच्या बेसिनांत हवा आली. मग शिपायाला तांब्या देऊन वकीलसाहेबांच्या विहिरीवर धाडले. त्याला यायला बराच उशीर झाला. वकीलीणबाईंनी त्याला आधी रांजण भरायला लावले होते.