बिब्ब्याखालचा काळा डाग

ये गो बाय, अशी जवळ बस, आणि आधी तळपाय दाखव. तोंड आरशात रोज बघतेस, पायाकडे कोण बघणार? मीही नव्हतं बघितलं.

आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मासळीवाल्या. मासळी सुकवताना वाळूवर अनवाणीच. टाचेला काळं दिसलं तेव्हा साऱ्या आळीने सांगितलं, शिंगाळा माशाचा काटा मोडलाय, बिब्बा लाव. लावला. बिब्ब्याने कातडी काळीच होते, त्यामुळे खालचा डाग वाढतोय हे कळलंच नाही. पुढे पाऊल टेकवेना. तशीच लंगडत आमच्या डहाणूच्या महालक्ष्मीच्या देवळात गेले. मनात रागच होता. तुझ्या यात्रेला इतकी वर्षं अनवाणी चालले, आणि तू माझा पायच खराब केलास?

गुडघे टेकून डोकं ठेवलं, तोच मागच्या बाईने टाचेला बोट लावलं.

"मावशी, हे काय?"

"काटा आहे. बिब्बा लावलाय. सोड, गुदगुल्या होतात."

"बिब्ब्याचा डाग झिजून जातो. हा वाढतोय ना? माझ्या आईलाही आम्ही बिब्बाच लावत बसलो. ती गेली."

जवळच्या रानशेत गावची होती ती. परसादही नीट खाऊ दिला नाही. जीपमध्ये बसवून कासा गावच्या दवाखान्यात नेलं, तिथून मला मुंबईला धाडलं. तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला.

तिथली डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. म्हणाली, "आजी, प्रत्येक पेशीला पातळ आवरण असतं. त्यावरच्या प्रथिनांनी ती शेजारच्या पेशींना धरून राहते. कॅन्सरच्या पेशीत ही प्रथिनं बदलतात. मग ती शेजार सोडते, दुसरं काहीबाही धरत रक्तात शिरते, जांघेतल्या-काखेतल्या गाठींत शिरते."

"म्हणजे दोर सुटलेली होडी."

"हो. आणि परक्या बंदरात नांगर टाकते. तुमच्या होडीचा दोर सुटलाय का, तेवढंच बघायचंय."

तेवढंच, म्हणे. ऑपरेशन झालं. रोग पसरलाय का बघायला जांघेतली एक गाठही काढली. त्या गाठीचा रिपोर्ट येईपर्यंत मी देवीकडे काही मागितलं नाही. माझ्याच अंगातल्या पेशींचे ते इवलेसे हात मला दिसत नव्हते, माझं ऐकतही नव्हते. म्हटलं, आई, आता तूच धर. आणि मला गाढ झोप लागली, कितीतरी दिवसांनी.

रिपोर्ट आला. गाठ स्वच्छ. रोग टाचेतून पुढे गेलाच नव्हता. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या, तर रांगेतले बाकीचे पेशंटही वाजवायला लागले.

आता तपासणीला नेमाने जाते, आणि मासळीही सुकवते, पण चपला घालून. आळीतल्या बायका हसतात, हसोत. ती बाई देवीने पाठवली की आपली आपण आली, यावर मी वाद घालत नाही. माझं डोकं खाली होतं तेव्हाच माझ्याकडे कुणीतरी बघत होतं, एवढं मला पुरे.

आता बोलणं पुरे. चल गो आत. सुक्या बोंबलाची चटणी करते, चार दिवस राहूनच जा.