मच्छिंद्रचा अळणी नवस

आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षभर एका जागी राहत नाही. मार्गशीर्षातली इथली जत्रा झाली की तो नळदुर्गला जातो आणि पौषातली तिथली यात्रा उरकून परत येतो. गावातल्या टवाळांनी यावरूनच मच्छिंद्रची टिंगल चालवली होती. ‘मच्छिंद्र सध्या नळदुर्गला आहे’ म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर नाही, आणि ‘आला अणदूरला’ म्हणजे ठीक आहे. मला या विनोदाची चीड यायची. देवाच्या परतण्याची तिथी ठरलेली असते. मच्छिंद्रची नव्हती.

त्याचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. माणूस शांत, मोजकं बोलणारा. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर मुकादम झाला आणि आठवड्याभरात पार बदलला. झोप बंद झाली, तोंड मात्र थांबेना. बोरी नदीचं पाणी एकेकाच्या उंबऱ्यापर्यंत आणतो म्हणाला. बोरीत तेव्हा चिमणीची चोच बुडेल एवढंही पाणी नव्हतं, पण त्याच्या बोलण्यात असा जोर की खडी सोडून सगळे माळावर चर खणायला लागले. कुदळ घेऊन मीही गेलो. मग त्यानं मजुरांना खायला आलेली सुकडीची पोती फोडली आणि रस्त्यानं येईल-जाईल त्याला वाटली. साहेब आला, तर त्यालाच म्हणाला, “तुमचं काम न्हाय आता, घरला जावा.” नोकरी गेली. तो चर अजून माळावर कोरडा पडलेला आहे.

पुढं तो उतरला तो असा उतरला की भिंतीकडं तोंड करून महिनोन्‌महिने पडून राहिला. अंघोळ नाही, भाकरीचा घास नाही. त्याची बायको कस्तुराबाई म्हणायची, “उठा की, पोरी बघायल्यात.” तो म्हणायचा, “म्या कशाला हाय गं?” एकदा तो विहिरीच्या कडेला बसलेला सापडला. तेव्हापासून ती माउली त्याला एकटं सोडत नव्हती.

त्याची आई भिमामावशी. तिनं लिंबू उतरवले, अंगारे लावले, धूप घातला. गाव म्हणायचं, सोंग आहे, कामचुकारपणा आहे. ज्यांनी त्याची सुकडी पोटभर खाल्ली तेच जास्त बोलायचे. असं चढणं-उतरणं वर्षानुवर्षं चाललं. मधल्या चांगल्या दिवसांत तो हाताला येईल ते काम करायचा.

गावात दूध सोसायटी निघाली आणि फॅट तपासायचं काम त्याला मिळालं. मी तिथंच कॅन भरायला होतो. काचेच्या नळीत अ‍ॅसिड आणि दूध घालताना त्याचा थेंब सांडायचा नाही. पण एका उन्हाळ्यात तो पुन्हा चढला, आलेलं सगळं दूध देवळापुढं नेऊन लोकांना पाजलं. तेव्हा कस्तुराबाईचा भाऊ रामकिसन त्याला आणि तिला जीपमध्ये घालून सोलापूरला घेऊन गेला. इकडं भिमामावशीनं तुळजापूरच्या दिशेला तोंड करून पदर पसरला. “आई भवानी, माझा लेक सुधारू दे. पाडव्यापासनं चैती पुनवेपर्यंत त्यो अळणी खाईल आन्‌ चालत तुझ्या पायरीला येईल.”

सोलापूरच्या डॉक्टरनं कस्तुराबाईला नीट समजावून सांगितलं. हे वेड नाही, बाहेरचंही काही नाही. हा मनाचा आजार आहे. त्यात माणूस कधी भलताच वर जातो, कधी खोल खाली. साखरेच्या आजारासारखा तो जन्मभर सोबत राहतो, पण औषधानं ताब्यात ठेवता येतो. लिथियमची गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, मधून-मधून रक्त तपासायला यायचं. पाणी भरपूर प्यायचं आणि मीठ नेहमीसारखंच खायचं.

गोळी लागू पडली. हात जरासा थरथरायचा, तेवढं चालतं म्हणून डॉक्टरनंच सांगितलं होतं. मच्छिंद्र वेळेवर झोपू लागला, सोसायटीनं त्याला परत कामावर घेतलं, त्यानं थोरल्या मुलीचं लग्न केलं, मंडपात माझ्या खांद्यावर हात टाकून हसला. अशी चार वर्षं गेली. त्याच्या आयुष्यातली तेवढीच वर्षं म्हणायची.

आणि नवस राहून गेला, ही भिमामावशीची रुखरुख. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, “त्यानं औषिद दिलं, पर गुण कुणी दिला?” शहाऐंशीचा दुष्काळ पडला तेव्हा तर तिची खात्रीच पटली. नवस थकला की देवी कोपते. पाडवा तोंडावर आला आणि तिनं विषय काढला.

कस्तुराबाई म्हणाली, “आत्याबाई, डाक्टरनं मीठ सोडू नगा म्हणून बजावलंय.”

“गोळी बंद कर म्हणते का म्या? गोळी दे की. डाक्टरचं डाक्टरला, आईचं आईला.”

मच्छिंद्रनंच मिटवलं. “पंधरवड्याचा तर सवाल हाय. माझ्यापायी लई भोगलंय तिनं.” कुणाचं काय चुकलं होतं ते सांगा! देवीचंही मोडायचं नाही आणि डॉक्टरचंही मोडायचं नाही, एवढाच त्या घराचा गुन्हा.

अळणी भाकरी, अळणी वरण आणि रोजची गोळी सुरू झाली. टँकर आला तर घागरभर पाणी मिळायचं, तेही तो आधी धाकट्या पोरीला पाजायचा. आठवड्याभरात त्याला मळमळ व्हायला लागली, जुलाब लागले. हात जास्त थरथरू लागला, पण तो थरथरायचाच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. सोसायटीत त्याच्या हातून नळी फुटली. मी म्हणालो, “गड्या, चालत नको जाऊ.” तो म्हणाला, “आता कडेला आलंय.”

पुनवेच्या आदल्या दिवशी तो, भिमामावशी, कस्तुराबाई आणि मी असे तुळजापूरच्या रस्त्यानं निघालो. ऊन नुसतं भाजत होतं. नळदुर्ग मागं पडल्यावर त्याचे पाय वाकडे-तिकडे पडू लागले. जीभ जड झाली. जाणारे म्हणाले, देवीला निघालाय आणि ढोसून निघालाय. मी त्यांच्या अंगावर गेलो. तेवढ्यात मच्छिंद्रचं सगळं अंग थडथडायला लागलं, मान हलायला लागली, डोळे फिरले. बायांचा एक घोळका थांबला. एकजण ओरडली, “आई आली! अंगात आई आली!” त्यांनी त्याच्या कपाळभर कुंकू भरलं, पायावर डोकी ठेवली, कुणी संबळ वाजवला. भिमामावशीनं रस्त्यातच लोटांगण घातलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी पुन्हा कुठं पाहिला नाही. कस्तुराबाई मात्र बायांना ढकलत होती. “सोडा त्येला! पाणी द्या कुणी! ही आई न्हाय!” त्या गलक्यात तिचं कोण ऐकणार? तो कोसळला तेव्हाच संबळ थांबला.

यात्रेकरूंच्या गाडीतून आम्ही त्याला सोलापूरला नेलं. डॉक्टरनं कपाळावरचं कुंकू बघितलं, गोळीचं विचारलं आणि मग विचारलं, “याचं मीठ बंद केलं होतं का?”

भिमामावशी पुढं झाली. “व्हय सायेब. एक खडासुदिक जिभंला लावला न्हाय माझ्या लेकानं.”

 डॉक्टरनं हळू आवाजात सांगितलं. मीठ आणि पाणी कमी पडलं की हे औषध अंगातून बाहेर जात नाही, साठतं, आणि त्याचंच विष होतं. भिमामावशी ऐकत राहिली. पहिल्यांदा तिला काहीच कळलं नसावं. मग ती भिंतीला धरून खाली बसली.

मच्छिंद्र वाचला, असं म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. त्याला धरल्याशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत, हातात पेला ठरत नाही, बोललेलं फक्त कस्तुराबाईला कळतं. औषध मेंदूला लागलं ते लागलंच, आता भरून येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. ती गोळीही बंद झाली. दुसरी दिली, पण ती तेवढी लागू पडत नाही. तो अजूनही चढतो आणि उतरतो, आता बसल्या जागी. टवाळ गप्प झालेत.

परवा मी जेवणाच्या वेळेला गेलो. कस्तुराबाई त्याला भरवत होती. भिमामावशी कोपऱ्यात नुसती भाकरी पाण्यात कुस्करून खात होती. ताटात चटणी नाही, मिठाचा खडा नाही. माझं डोकं फिरलं. “मावशी, परत नवस? एवढं होऊन?”

तिनं मान हलवली. “नवस कसला बाबा. त्येचं मीठ म्या तोडलं. आता माझ्या घशाखाली उतरत न्हाय.”

मच्छिंद्रला ते ऐकू गेलं असावं. त्यानं थरथरता हात आपल्या ताटातल्या मिठाकडं नेला, चिमूट धरली आणि आईच्या ताटाकडं हात लांबवला. तिथपर्यंत पोचेस्तोवर सगळं मीठ जमिनीवर सांडलं होतं.