डोळ्यांना बसू की नको

माझ्या पोटात बसवली आहे ती तांबी नाही. तिच्यात तांबं नावालाही नाही. प्लास्टिकचा एवढासा तुकडा, त्यात हार्मोनचं औषध, ते आतल्या आत थोडं थोडं पाझरतं आणि पाळीचा रक्तस्राव कमी होतो. हे मी आमच्या पेणच्या रामवाडीत किती जणींना समजावलं असेल, तरी सगळ्यांच्या तोंडी तांबीच. आणि तांबी म्हटली की पुढची गोष्ट ठरलेली. अमकीची वर चढली, तमकीची काळजात जाऊन रुतली. "काळजात जायला रस्ता तरी आहे का?" असं मी तावातावाने विचारायचे आणि घरी येऊन छातीवर हात ठेवून बसायचे. मी अशीच आहे. तोंडाने शूर आणि आतून भित्री भागूबाई.

मी जवळच जोह्याला एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग आता मशीनच्या फवाऱ्याने मारतात, डोळे मात्र हातानेच. भुवईची रेघ एका दमात ओढायची, मध्येच श्वास घेतला की रेघ थरथरते. आणि गेल्या वर्षी माझी पाळी म्हणजे नळ फुटावा तशी झाली होती. बसच्या सीटवरून उठताना मागे वळून बघायचं, पिशवीत एक जादा सलवार ठेवायची, काळ्या कपड्यांशिवाय काही घालायचं नाही. अंगातलं रक्त इतकं उतरलं की जिना चढले की धाप लागायची आणि ब्रश धरला की हात कापायचा. हात कापणाऱ्या बाईला डोळे कोण काढायला देणार? या भीतीने मी शेवटी डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर रोह्याच्या, कारण माझी ताई रोह्याला दिली आहे आणि त्या डॉक्टरीणबाई तिच्या ओळखीच्या. त्यांनी सोनोग्राफी बघून दोन रस्ते सांगितले. एक, गर्भाशय काढून टाकायचं. दुसरा, ही तांबी नसलेली तांबी बसवून बघायची.

आमच्याकडे गर्भाशय कोणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात. बाजाराला न्यायच्या पिशवीसारखी, फाटली की द्यायची टाकून. ताईने तर दवाखान्याच्या पायरीवरच निकाल लावला. "काढून टाक गो. पोरं झाली, आता काय लोणचं घालायचंय तिचं? मी काढली, सुटले. सणासुदीला मोकळी."

ताईची पिशवी काढून बरीच वर्षं झाली. आमच्या नात्यात कोणाची पाळी बिघडली की ताईचंच उदाहरण देतात. पण ऑपरेशनचं नाव ऐकूनच मी हबकले होते. मी म्हटलं, आधी हे बसवून बघू. त्यात शहाणपण वगैरे काही नव्हतं, भ्यायले म्हणून म्हटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरुवातीचे काही महिने डाग पडत राहतील, कधी कधी रोजसुद्धा. पोट दुखेल, छाती भरल्यासारखी होईल, चिडचिड होईल. सहा महिने तरी दम धरा. घाबरायचं काही कारण नाही."

हे शेवटचं वाक्य मला कोणी म्हणू नये. मी तिथूनच घाबरायला सुरुवात करते.

बसवताना अशी कळ आली की टेबलाची कड मी सोडेचना. मग दरदरून घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी. पेणला परत येताना एसटीत नवरा नागोठण्यापर्यंत प्लास्टिकची पिशवी उघडून माझ्या तोंडासमोर धरून बसला होता. मला उलटी येत नव्हती. पण तो बिचारा काहीतरी करत होता, म्हणून मी त्याला करू दिलं.

आणि मग ते सुरू झालं. पूर्वी धबधबा होता, आता नळ गळायला लागला. रोज थोडंसं. तपकिरी, कधी गुलाबी, कधी नुसता डाग. सकाळी वाटायचं थांबलं, दुपारी परत. ओटीपोटात कोणीतरी चिमटा काढून धरल्यासारखं दुखायचं. गरम पाण्याची पिशवी पोटाला लावून मी भाजी चिरायचे. चाळिशी आली तरी हनुवटीवर कॉलेजच्या मुलीसारख्या पुटकुळ्या आल्या. एकदा पोळी करपली म्हणून मी ओट्याला टेकून हमसून हमसून रडले. नवरा म्हणाला, "अगं, मी करपलेली खातो ना." तर त्याच्यावरच खेकसले. त्याने पोळी गपचूप खाल्ली आणि मला त्याचंही रडू आलं.

सगळ्यात वाईट तो दोरा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तिला बारीक दोरा असतो, अधूनमधून बोटाने चाचपून बघा, लागला म्हणजे ती जागेवर आहे. पहिल्यांदा लागला. पुढच्या वेळी लागेना. मी न्हाणीत उकिडवी बसून घामाघूम झाले. झालं, चढली वर! त्या सगळ्या बायका खऱ्या आणि मीच शहाणी निघाले होते. फोन केला तर डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "कधी कधी आत वळतो. पुढच्या खेपेला आलात की बघू." पुढची खेप! इथे माझा जीव टांगणीला आणि यांना पुढची खेप.

एवढंही मी रेटलं असतं, पण नेमका आखणीचा हंगाम आला.

आमच्या कारखान्यात आम्हा बायकांमध्ये एक रीत आहे. अडचण आली, म्हणजे पाळी आली, की डोळ्यांवरून उठायचं आणि पायांची नखं रंगवायला नाहीतर पितांबराच्या काठाला बसायचं. बोलायचं काही नाही. जागा बदलली की सगळ्यांना कळतं. मी नवी लागले तेव्हा आधीच्या बायका असंच करायच्या, म्हणून मीही करायला लागले. पाळी चार दिवसांची होती तोवर त्याचं काही वाटलं नाही. पण आता? डाग म्हणजे अडचण का? सकाळी होता आणि आता नाही, म्हणजे मी कोण? हे विचारायचं तरी कोणाला? मी आपली नखांना बसले ती बसलेच. गणपतीच्या पायाची नखं रंगवून रंगवून माझी मान धरली आणि माझ्या जागेवर हमरापूरची एक बाई डोळे काढायला लागली. तिचा हात चांगला होता. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं.

एक दिवस सकाळपासून कोरडं होतं. म्हटलं, आज बसते. दुपारपर्यंत छान चाललं आणि मग पोटात चिमटा आला. आला की काय? आता उठू की एवढा डोळा पुरा करू? छातीत असं धडधडायला लागलं की बुबुळ सरकलं. गणपती समोर बघायचा सोडून छताकडे बघायला लागला. कारखाना सांभाळणाऱ्या आमच्या काकू, म्हणजे मालकीणबाई, पिकलेल्या केसांच्या आणि तोंडाने फटकळ. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय गो, घार बघतोय का तो?" बायका हसल्या. मीही हसले. डोळा पुसला, वर पांढरा हात मारला आणि जाऊन बघते तर खरंच डाग होता. माझी खात्रीच पटली की ही शिक्षा आहे.

संध्याकाळी मी ताईला फोन केला. "काढते पिशवी. सांग डॉक्टरीणबाईंना." आश्चर्य म्हणजे ताई लगेच "शाब्बास" म्हणाली नाही. "ये तू इकडे," एवढंच म्हणाली.

दवाखाना दुपारनंतरचा होता, म्हणून मी आधी ताईकडे जेवायला गेले. बाहेर पाऊस, हवा गार, मी तर ओढणी लपेटून बसले होते. ताई भाकरी थापत होती. एकाएकी तिने भाकरी तशीच टाकली आणि येऊन पंख्याखाली बसली. तोंड लालबुंद, गळ्यावरून घामाच्या धारा, पदराने वारा घेतेय.

"ताई, काय होतंय गो?"

"काय नाय. वाफ येते अंगातून. जाईल आता."

"कधीपासून?"

"पिशवी काढली तेव्हापासून. दोन्ही बाजूची अंडाशयं पण काढली ना. झोप नाय, गुडघे धरतात, कोणी जरा बोललं की डोकं फिरतं."

"आणि आम्हाला सांगत फिरलीस, सुटले सुटले म्हणून?"

"मग काय सांगू? हौसेने काढली ती मीच. डॉक्टर म्हणाले होते, आधी गोळ्या घेऊन बघा. मीच थांबले नाय." तिने तोंड पुसलं. "माझी पाळी तेव्हा अशीच कधीपण यायची. लागोपाठ किती वर्षं नेमकी गणपतीत. घरात आरती चाललीय आणि मी मागच्या पडवीत पाटावर. गौर एकदापण माझ्या हाताने आत आली नाय. म्हटलं, जाऊ दे मेली, एकदाची कटकट जाऊ दे."

"सासूबाई बोलायच्या का?"

"कधीच नाय! देवमाणूस ती. पण आपल्याला समजायला नको? मीच आपली उठून मागे जायचे."

"तू विचारलंस कधी त्यांना?"

"विचारायचं काय त्यात?" ताई उठली, पुन्हा भाकरीला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "तू घाई नको करू. तुझ्या हातात अजून हाय."

मला तिचा रागही आला आणि मायाही. ती वाढत राहिली.

दवाखान्यात सोनोग्राफीत ती दिसली, जागच्या जागी. दोरा नुसता आत वळला होता. रक्त तपासलं तर तेही वर चढायला लागलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून सहा महिने कुठे झालेत? डागही कमी होतील. पण ठरवायचं तुम्ही." मी म्हटलं, थांबते. आवाज इतका बारीक आला की त्यांनी परत विचारलं.

स्टँडवर सोडायला आलेल्या ताईला मी म्हटलं, "थांबायचं तर डोळ्यांचं काय करू? सगळा हंगाम नखांनाच बसू?"

ताई घुटमळली. "विचारून बघ तुझ्या काकूला."

दुसऱ्या दिवशी जोह्याच्या बसमध्ये मी मनात किती वाक्यं जुळवली. कारखान्यात पाय टाकला आणि त्यातलं एकही आठवेना. काकू तयार मूर्ती मोजत होत्या. मी सगळ्यांदेखत बोलून बसले, "काकू, मला डॉक्टरने आतून औषध बसवलंय. त्याने रोजच डाग पडतो. अजून किती दिवस, माहीत नाही. मी डोळ्यांना बसू की नको?"

सगळ्यांचे ब्रश थांबले.

काकू म्हणाल्या, "न बसायला काय झालं?"

"नाही... अडचण असली की आम्ही उठतो ना."

"आगो, तो देव कुठे झालाय अजून? माती हाय ती. लोक घरी नेतील, भटजी प्राण घालतील, मग देव. आणि तुला उठायला सांगितलं कोणी?"

"सगळ्याच उठतात."

"ते काय मला दिसत नाय? मला वाटायचं, पोट दुखतं तुमचं, म्हणून हलकं काम घेता. बाईमाणसाला काय विचारायचं, म्हणून मी कधी बोलले नाय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मला नाही हसू आलं. मला ताईच्या घरची मागची पडवी दिसत होती आणि तिथे मांडलेला तो पाट.

हमरापूरची बाई सरकली आणि तिने मला जागा दिली. मी बसले. पोटात चिमटा होताच, डागही असणार, भीतीही कुठे गेली नव्हती. मी श्वास रोखला आणि भुवई ओढली. एका दमात आली.

संध्याकाळी मिनीडोर रिक्षाची वाट बघत रस्त्यावर उभी होते तेव्हा ताईचा फोन आला.

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"बस म्हणाल्या. बसले मी. दिवसभर डोळेच केले."

"एवढंच म्हणाल्या?"

काकूंचं सगळं बोलणं माझ्या जिभेवर होतं. ते ताईला सांगायचं मला धाडस झालं नाही. तिने एका शब्दाने कोणाला विचारलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यात दिवसभर घोळत होता. तो तिच्या डोक्यात मला घालायचा नव्हता.

"एवढंच," मी म्हटलं.

ताई हळूच म्हणाली, "रागावल्या नाय ना गो?"

"नाय ताई," मी म्हटलं. "कोणीच रागावलं नाय."