मंगळवार-शुक्रवारचा वारा

कोल्हापूरहून नाशिकला जायचा सरळ रस्ता पुण्यावरून आहे. मी हॉलंडवरून गेले. त्याला कारण माझी पोस्टडॉक. शिक्षण तर संपलंय पण नोकरी काही लागलेली नाही, अशा मधल्या काळात माणसाला जे सभ्य नाव देतात, ते पोस्टडॉक. माझा विषय होता वारा. तो कुठून शिरतो, कुठे अडतो आणि कुठून बाहेर पडतो, हे प्रत्यक्ष वाऱ्याला न विचारता संगणकावर गणिताने काढायचं. या विषयाला मराठीत संगणकीय द्रायुगतिकी म्हणतात. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यापेक्षा इंग्रजीत सांग."

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या डच प्राध्यापकांना साठवलेल्या कांद्यातून वारा कसा वाहतो हे हवं होतं, आणि कांदा म्हटल्यावर त्यांनी नकाशात नाशिक शोधलं. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, नाशिक माझ्या घराच्या मागेच असेल. माझी मुदत डिसेंबरात संपत होती. गणित आणि मोजमाप जुळलं तर आणखी दोन वर्षं, नाही जुळलं तर घरी. घरी जायला माझी ना नव्हती, पण घरी गेल्यावर "मग आता काय?" हा प्रश्न दारातच उभा राहणार होता. मला ती दोन वर्षं मनापासून हवी होती.

सप्टेंबरच्या शेवटी मी नाशिकला उतरले आणि बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. पहिल्या सकाळी मिसळ खाल्ली. कोल्हापूरच्या माणसाने दुसऱ्या गावच्या मिसळीबद्दल बोलू नये हे मला कळतं, म्हणून एवढंच लिहिते की तिच्यासोबत पापड आणि दही आलं, आणि मी दोन्ही खाल्लं. डोळ्यांत पाणी मात्र एकदाही आलं नाही.

मोजमापासाठी ठरलेली जागा पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका खेड्यात होती. एसटीत माझ्या मांडीवर यंत्रांची पेटी होती. कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्यात?"

"वारा मोजायचं मशीन."

"मोजून काय करनार?"

"हॉलंडला पाठवणार."

"न्या की," तिकिटाला भोक पाडत तो म्हणाला, "हितं लय हाय."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाचे मांडव होते. नुकती छाटणी झालेली, त्यामुळे नुसत्या तारा आणि तपकिरी काड्या. पिंपळगावात टोमॅटोचा हंगाम जोरात होता. क्रेट भरलेल्या टेम्पोंच्या रांगेत आमची बस चांगला पाऊण तास उभी राहिली. शेजारच्या बाईंनी मला दोन टोमॅटो दिले, आणि मी ते पुसून खाल्ले.

माझे यजमान रावसाहेब हे आमच्या बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याचे मेव्हणे. पन्नाशीचे, बोलायला सावकाश. त्यांच्या पत्नी सुमनकाकू त्यांच्या वाटचं बोलून पुरून उरतील अशा. त्यांची कांदाचाळ (कांदे साठवायची लांबट, फळ्याफळ्यांच्या भिंतींची खोली) घराला लागूनच होती. ती जमिनीपासून दोन हात उंच, खांबांवर उभी असते. खालच्या मोकळ्या जागेतून वारा वर शिरतो आणि कांद्याच्या ढिगातून वाट काढत छपराखालून बाहेर पडतो. माझ्या संगणकात ही चाळ मी कागदावरच्या नकाशावरून बांधली होती. समोरची चाळ हुबेहूब तशीच निघाली. खालची जागा लख्ख झाडलेली, एक काडी नाही. समोर सडा आणि रांगोळी. मी आजवर बऱ्याच प्रयोगशाळा पाहिल्या, पण दारात रांगोळी असलेली ही पहिलीच.

"फोटो काढायचे असतील ना?" काकू म्हणाल्या. "म्हनून म्हटलं, जरा आवरून घ्यावं."

मी ढिगात ठिकठिकाणी तापमान टिपणारी डबीएवढी यंत्रं पुरली. चाळीखाली पंख्याचं एक छोटं यंत्र बसवलं. वाऱ्याचा वेग रात्रंदिवस नोंदवत राहायचं हे त्याचं काम. या नोंदी महिन्याने एकदम उतरवायच्या होत्या. तोवर आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मी स्वतः हातातल्या यंत्राने मोजायला यायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी लॉजसमोरच्या पीसीओवरून फोन करायचा आणि सकाळच्या बसने निघायचं. कुणाच्या घरी न कळवता जाऊ नये, एवढं वळण मला आईने लावलेलं आहे.

त्या मंगळवार-शुक्रवारांत माझं वजन वाढलं. काकूंचे शेंगोळे (कुळथाच्या पिठाची कडबोळी लसणाच्या रश्शात शिजवतात, ती) मी पहिल्यांदा खाल्ले आणि मग दर खेपेला विचारून खाल्ले. जेवण झाल्यावर रावसाहेब पान लावत विचारायचे, "काय म्हनतोय वारा?" मी म्हणायचे, "गणितासारखाच वागतोय." तो खरंच तसा वागत होता. मी मोजलेला प्रत्येक आकडा संगणकाने आधीच सांगितलेल्या आकड्याला खेटून येत होता. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. सायबर कॅफेत बसून मी प्राध्यापकांना कळवलं. ते फार कमी लिहितात. त्यांचं उत्तर आलं: "उत्तम. मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. आता संपूर्ण नोंदी पाठव." मी त्या दिवशी दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि नाशिकबद्दलची माझी मतं थोडी सैल केली.

महिना झाला. मी चाळीखालचं यंत्र आणि ढिगातल्या डब्या काढून लॉजवर आणल्या आणि नोंदी उतरवल्या. पडद्यावर आलेख उमटला, तो बघून मी आधी वायर तपासली, मग बॅटरी, मग माझा चष्मा. नोंदींप्रमाणे वारा दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सुटत होता आणि संध्याकाळी पडत होता. उरलेले पाच दिवस चाळीखाली जवळजवळ हवाच हलत नव्हती. ढिगाच्या मधोमध उष्मा चढत होता. शास्त्रज्ञ म्हणून मला दोनच निष्कर्ष काढता येत होते. एकतर यंत्र बिघडलं होतं, नाहीतर नाशिक जिल्ह्यात वारा आठवड्यातून दोनदा सोडतात.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी फोन न करता पहिली बस पकडली.

चाळीखाली ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी होती. टोमॅटोचे रिकामे क्रेट एकावर एक रचलेले होते. सरपण, फवारणीचा पंप, हँडल नसलेली सायकल, आणि या सगळ्याच्या मध्ये एक शेळी निवांत रवंथ करत बसलेली. वाऱ्याच्या बाजूने पावसाचे शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून बारदानाचे (गोणपाटाचे) पडदे खालपर्यंत सोडलेले. वाऱ्याने कुठून यावं असा प्रश्न मलाच पडला.

काकू धुणं टाकून धावत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "अहो ताई, सांगून तरी यायचं! आवरून ठेवलं असतं ना!"

"दर वेळी आवरता?"

"मग? तुमी एवढ्या लांबून यायचं, फोटू काढून परदेशात दाखवायचे, आन आमची चाळ अशी दिसायची? तुमचा फोन आला की आमी दोघं पहाटंच्याला लागतो. दोन तास जातात. तुमी गेल्या की परत आत."

माझं संपूर्ण संशोधन जुळून आलं होतं, कारण एका बाईला पाहुण्यांसमोर लाज वाटत होती. मी ओट्यावर बसले. काकूंना वाटलं मी रागावले, आणि त्यांनी घाईघाईने सायकल ओढायला घेतली. मी त्यांना थांबवलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मलाही रडू आलं. त्यांना चाळीचं आलं होतं, मला दोन वर्षांचं.

रावसाहेबांना मी आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि उष्म्याच्या जागेवर बोट ठेवलं. "हितंच सडतो. दर वर्साला, बरोब्बर हितं. आमी समजायचो कांद्याचाच दोष."

"खालचं सामान काढलंत तर नाही सडणार."

"काढू की," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पन ठेवायचं कुटं?"

या प्रश्नावर जगात कुठे संशोधन चालू असल्याचं मला माहीत नाही.

लॉजवर परतल्यावर, खोटं कशाला बोलू, मी तासभर विचार केला. फक्त मंगळवार-शुक्रवारच्या नोंदी पाठवल्या असत्या तर त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. "निवडक दिवस" असं वर लिहिलं की झालं, आमच्या धंद्यात हे चालतं. हॉलंडातल्या कुणाला शेळी दिसणार नव्हती. पण मग दोन वर्षं मी रावसाहेबांच्या बोटाखालची ती जागा विसरून कशी काढणार, हे मला कळेना. शेवटी मी सगळ्या नोंदी पाठवल्या.

चार दिवसांनी मी हॉलंडला परत गेले. काकूंनी बरोबर शेंगोळ्यांचं पीठ दिलं, आणि विमानतळावरच्या तपासणीत ते यंत्रांपेक्षा जास्त वेळ तपासलं गेलं. हॉलंडात बारीक पाऊस आणि भरपूर वारा होता, आठवड्याचे सातही दिवस. प्राध्यापकांनी आलेख टेबलावर पसरून ठेवला होता.

"मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"मी येते."

मग मी त्यांना आवरणं म्हणजे काय ते समजावलं. इंग्रजीत त्याला शब्द सापडतात, पण ते साफसफाईचे. पाहुण्यांचा फोन आला की माणसं पहाटे उठून आपलं घर दुसऱ्याच्या नजरेने बघतात, हे त्या शब्दांत येत नाही. त्यांनी दोनदा मान हलवली. म्हणाले, की गणित चुकलेलं नाही, पण ते कुणी येणार असलेल्या चाळीचं गणित आहे, आणि कांदे बाकीच्या दिवशीही तिथेच असतात. दोन वर्षांचा कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि एक वर्षाचा भरला. अट एकच घातली. चाळ जशी असते तशी मोजायची, म्हणजे यजमानांना आधी कळवायचं नाही. मी सही केली. आनंद झाला आणि संकोचही.

त्या रविवारी मी काकूंना फोन केला. म्हटलं, आडून काही करण्यापेक्षा सरळ सांगावं. "काकू, मी पुन्हा येणार आहे. पण कधी येणार ते सांगता येणार नाही. तशी अटच आहे."

काकूंनी आधी खात्री करून घेतली.

"कोनत्याबी दिवशी याल?"

"कोणत्याही."

"मग काय हो," काकू सुस्कारा टाकून म्हणाल्या, "आता रोजच आवरून ठेवावं लागंल. सामान ओसरीत घेते. मानसं बसतील कुटंबी."