माझ्या नावाचा एक्स-रे

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. चौकात कुणीतरी उतरून टाकलेला नारळ मी उचलून, फोडून खाल्लेला आहे. शर्यतीआधी पोरं गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायची, तेव्हा त्या लिंबाचं सरबत करा म्हणून त्यांची चेष्टा करणारा मीच. उद्यमनगरात लेथवर उभं राहून पोट भरणारा माणूस मी... जे मायक्रोमीटरमध्ये सापडत नाही ते नाही, इतका साधा हिशोब. तुमच्या अंकातल्या या सदरात येणारे असले अनुभव मी आणि बसू जेवणाच्या सुट्टीत मोठ्यांदा वाचायचो आणि पोट धरून हसायचो. बसूचं नाव पुढे येणारच आहे. खरं तर सगळं त्याचंच आहे.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. आम्ही तेव्हा राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, दोन खोल्यांत भाड्याने राहायचो — मी, बायको सुनंदा आणि दोन वर्षांची मुलगी. आठवडाभर लेथ आणि रविवारी मातीतल्या मोटारसायकल शर्यती. कुणाच्या तरी पडीक रानात ट्रॅक्टरने वळणं आणि उंचवटे करायचे, कडेने दोऱ्या बांधायच्या, लाउडस्पीकर लावायचा, की झाला ट्रॅक तयार. आम्ही सगळे हौशी. माझी गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक, मडगार्ड काढून टाकलेली, सायलेन्सर मी स्वतः बनवलेला. जिंकलं तर कप, पडलं तर प्लास्टर.

माझ्या वाट्याला प्लास्टरच जास्त आलं. गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं, उजवा घोटा एकदा. घोटा सांधला, पण पंजा पहिल्यासारखा खाली दाबला जाईना. म्हणून मागच्या ब्रेकचं पेडल मी दोन बोटं वर उचलून बसवलं. नुसता बूट टेकला तरी ब्रेक लागायचा. तीन वर्षं गाडी तशीच चालवली. ते पेडल वर आहे हेच मी विसरून गेलो, इतकी सवय झाली. हे मुद्दाम सांगतोय.

सुनंदा बालवाडीत शिकवायची. तिचा आवाज कधी चढायचा नाही, पण त्या वर्षी दिवाळीनंतर ती मुलीला भरवता भरवता म्हणाली, "हिला शाळेत सोडायला कोण जाणार ते ठरवून ठेवा. कुबड्या घेऊन जायचं असलं तर तसं सांगा. मी आत्तापासून सवय करून घेते."

"गडमुडशिंगीची शर्यत झाली की सोडतो," मी म्हणालो.

"गेल्या साली पण हेच म्हणाला होता."

खरं होतं ते. त्याच्या आदल्या वर्षीही तेच म्हणालो होतो. पडायची भीती मला वाटत नव्हती असं नाही. घोटा मोडल्यापासून प्रत्येक उंचवट्याआधी गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा. पण सोडायचं म्हटलं की रविवारचं करायचं काय, हे सुचायचं नाही. लेथवर मी कुणीही होतो. ट्रॅकवर लाउडस्पीकरवरून माझं नाव पुकारलं जायचं.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो. हे पैलवानांचं गाव. इथं हाड मोडलं की माणूस आधी तालमीत वस्तादांकडे जातो आणि मग दवाखान्यात. आम्ही शर्यतवाली मंडळीही हंगामाआधी एकदा वस्तादांकडे जाऊन अंग चोळून घ्यायचो. ते सत्तरीच्या पुढचे होते. त्यांचा अंगठा हाडावरून फिरला की कुठं काय जुनं दुखणं आहे ते बरोबर सापडायचं. मला त्यात चमत्कार वाटायचा नाही. पन्नास वर्षं हाडं चाचपल्यावर कुणालाही जमेल.

तर त्या खेपेला वस्तादांचा अंगठा माझ्या डाव्या मांडीवर, बरोबर मध्यावर थांबला. परत खाली गेला, परत वर आला, परत तिथंच थांबला.

"ही मांडी कवा मोडलीती?"

"डावी? कधीच नाही वस्ताद. मोडला तो उजवा घोटा."

"घोटा मला ठावं हाय. मीच चोळलाय. ह्या मांडीचं इचारालोय. हाडावर हाड चढलंय हितं. कुणी बसिवलं हे? त्याचा हात तोडाय पायजे."

मी हसलो. "वस्ताद, वय झालं आता तुमचं."

"व्हय, झालं की. जा, फोटो काढून आण."

म्हाताऱ्याला खोटं पाडायचं म्हणून मी गेलो, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजारामपुरीतच एका ठिकाणी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि विचारलं, "हे कुठं जोडून घेतलं होतं?"

फिल्मवर मांडीचं हाड मधोमध मोडून सांधलेलं होतं. वरचा तुकडा खालच्यावर तिरका चढलेला, भोवती जाड गाठ, गाठीच्या आतल्या बाजूला एक बारीक टोक बाहेर आलेलं. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत माझं नाव, त्या दिवसाची तारीख आणि डाव्या पायाची खूण.

"असं सांधलं असेल तर पाय इंच-दीड इंच तोकडा पाहिजे," असं म्हणून डॉक्टरांनी टेपने दोन्ही पाय मोजले. दोन्ही सारखे भरले. त्यांनी परत मोजले आणि म्हणाले, "मशिनचाच काहीतरी घोळ असेल. उद्या या, दुसरा काढू."

मी दुसरा काढायला गेलो नाही. आई तेव्हा चंदगडला थोरल्या भावाकडे होती. तिला फोन करून विचारलं. "लहानपणी सायकलीवरनं पडलातास, गुडघा फुटलाता. मांडी? न्हाई बाबा. का रं, काय झालं?" काही नाही म्हणून मी फोन ठेवला.

मी भ्यालो होतो. हे तीन शब्द लिहायला मला बारा वर्षं लागली. मोडायच्या आधीच मोडलेलं हाड मी बघितलं होतं आणि ते माझं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर लिंबांची चेष्टा केली, त्याने त्या रात्री बायकोला सांगून टाकलं, सोडली शर्यत. तिने डोळ्याला पदर लावला. फिल्मचं पाकीट मी कपाटावर टाकलं. तिलाही दाखवलं नाही.

आता बसू. बसवराज — माझ्या शेजारच्या लेथवर होता. घराणं गडहिंग्लजकडचं, लिंगायत, पण वडील असतानाच गडमुडशिंगीत येऊन स्थायिक झालेलं. घरी तो आणि त्याची आई. आईला तो अव्वा म्हणायचा, म्हणून आम्हीही सगळे अव्वाच म्हणायचो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, शर्यतीचं वेड माझ्यापेक्षा दुप्पट. लग्न ठरलेलं होतं. नेमकं त्याच महिन्यात त्याच्या गाडीचं इंजिन जाम झालं आणि स्वतःच्याच गावातली शर्यत हुकणार म्हणून तो तोंड पाडून फिरत होता.

मी म्हणालो, "माझी गाडी घेऊन जा. मी सोडली शर्यत."

"आँ? का रं?"

"सुनंदा नको म्हणते."

"बायकूला भ्यालास व्हय! आरं, वाघ म्हणत हुतो की आम्ही तुला!" असं म्हणून तो खदाखदा हसला. मीही हसलो. फिल्मबद्दल एक अक्षर बोललो नाही. बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या उद्यमनगरात झालं असतं... हसू होईल म्हणून गप्प बसलो आणि बायकोच्या आड लपलो.

गाडी दुसऱ्याला देताना पेडल आणि लिव्हर त्याच्या पायाच्या मापाने बसवून द्यायची, हा आमच्यातला नेम होता. पाना घेतला की दोन मिनिटांचं काम. मी प्लग बदलला, क्लचची केबल बदलली, चेनला तेल दिलं, हवा बघितली. पेडल तसंच राहिलं. माझ्या लेखी ते वर नव्हतंच ना.

रविवारी सकाळी अकराला शर्यत सुरू झाली. अव्वा रानाच्या कडेला जेवण बांधलेलं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. पोराची शर्यत ती पहिल्यांदाच बघत होती. मी सगळ्यात मोठ्या उंचवट्याजवळ दोरीला धरून उभा होतो. पहिल्या दोन फेऱ्यांत तिथं बसूने उडी मारलीच नाही, वेग आवरून गाडी हळू वरून काढली. तिसऱ्या फेरीला पुढच्याला गाठायचं म्हणून फूटरेस्टवर उभा राहून तो पूर्ण वेगात आला आणि उडाला.

हवेत त्याच्या गाडीचं मागचं चाक फिरायचं थांबलं. आऱ्या मोजता याव्यात इतकं स्वच्छ दिसलं मला. हवेत मागचा ब्रेक लागला की गाडीचं तोंड खाली जातं, हे आमच्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. त्याचा बूट ब्रेकवर टेकला होता. मला पेडल आठवलं ते तेव्हा, तो अजून वरच होता तेव्हा.

डावी मांडी. मधोमध.

जीपमध्ये घालताना तो मला म्हणाला, "अव्वाला सांगू नगंस लई लागलंय म्हणून." अव्वा त्याच्या उशाशीच उभी होती. तिच्या हातात ते फडकं तसंच होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवायचंसुद्धा मला नको वाटतं. अंगात ताप भरला, रॉड घालायचं पुढं पुढं गेलं, शेवटी पायाला वजनं टांगून हाड सांधलं ते चढूनच सांधलं. पाय दीड इंच तोकडा झाला. ठरलेलं लग्न मोडलं आणि पुन्हा जुळलं नाही. अव्वा चार वर्षांनी गेली, पोराचं घर उभं राहिलेलं न बघता. बसू मात्र एकच सांगत राहिला, "माझाच पाय पडला ब्रेकवर. चूक माझी." पेडल कुठं होतं हे त्याला कळलंच नाही. शर्यतीनंतर चेपलेली गाडी मी घरी आणली आणि सगळ्यात आधी पेडल खाली केलं. हे मी का केलं ते मला नीट माहीत आहे.

दोन वर्षांनी तपासणीला मीच त्याला घेऊन गेलो. नवी फिल्म माझ्याकडे राहिली. दुपारची वेळ, सुनंदा बालवाडीत. मी कपाटावरचं पाकीट काढलं आणि दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या.

एकच हाड. तोच तिरका चढ, तीच गाठ, आतल्या बाजूला आलेलं तेच बारीक टोक. केसाइतका फरक नाही... मापं घेणं हा माझा धंदा आहे, मी कॅलिपर लावून मोजलं. एका फिल्मवर बसूचं नाव, दुसरीवर माझं. आणि माझ्या फिल्मवरची तारीख बसू पडला त्याच्या तीन आठवडे आधीची.

दुसऱ्याच दिवशी मी दुसरीकडे जाऊन माझ्या मांडीचा नवा फोटो काढला. हाड सरळ. कसली खूण नाही. एक्स-रे काढणाऱ्याला जुनी फिल्म दाखवली तर म्हणाला, अदलाबदल झाली असेल. मी म्हटलं, कुणाशी? हे हाड तेव्हा मोडलंच नव्हतं. त्याने फिल्म पाकिटात घालून परत दिली.

वस्ताद तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांचा हात धरून माझ्या मांडीवर ठेवला. अंगठा फिरला, कुठं थांबला नाही.

"काय न्हाई हितं."

"त्या साली हाय म्हणाला होता."

"हुतं," वस्ताद म्हणाले. "आता न्हाई." आणि त्यांनी कूस बदलली.

मी शर्यत सोडली नसती तर काय झालं असतं? मी पडलो असतो का? की माझ्याच पायाच्या मापाचं ते पेडल असल्यामुळे मी नेहमीसारखा नीट उतरलो असतो आणि कुणालाच काही झालं नसतं? ती फिल्म मला वाचवायला आली, की मला भ्यायला लावून ती गाडी बसूच्या हातात द्यायला आली? बारा वर्षं झाली. मी सगळ्या बाजूंनी मोजून बघितलं, माप जुळत नाही. उत्तर असेल कुणाकडे तर मला ते ऐकायचीही आता इच्छा नाही.

एक राहिलं. बसू अजून आमच्याच वर्कशॉपमध्ये आहे. उभं राहवत नाही म्हणून स्टुलावर बसून तो मापं तपासायचं काम करतो. गेल्या थंडीत मी लेथजवळ मांडी चोळत उभा होतो. डावी. त्या वर्षापासून प्रत्येक थंडीत ती मधोमध ठणकते, पाय टेकवत नाही कधीकधी.

"तुझं काय दुखालंय रं?" बसूनं विचारलं. "मोडली माझी. डॉक्टर म्हणालेला, थंडीत ठणकणार म्हणून. एक दिवस न्हाई ठणकली बघ." आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारून तो हसला. "नशीबवान हायस लेका. वहिनीनं वाचिवलं तुला."

हा अंक आमच्या शॉपमध्ये अजून येतो. जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यात आधी बसूच्याच हातात असतो, आणि हे सदर तो अजूनही मोठ्यांदा वाचून दाखवतो. या खेपेला तो वाचायला लागेल तेव्हा मी समोरच बसलेला असेन.